सुटीची वाट : पुळण पारखून घ्यावी

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवरील मराठी घरांत मार्गशीर्ष महिना उजाडला की एक प्रश्न हमखास निघतो. मुलांची नाताळची सुटी जवळ आलेली असते, वडिलांची रजा चार दिवसांची, फार तर पाच. आणि मग जेवणे आटोपल्यावर कोणी तरी विचारते, "सगळ्यांत चांगला समुद्रकिनारा कोणता?"

यंदा हा प्रश्न आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातून आला. त्या घरात पाच माणसे आहेत. आजी मूळच्या वेंगुर्ल्याकडील, आता गुडघ्यांनी थकलेल्या; मुलगा-सून दोघेही नोकरी करणारी; तेरा वर्षांचा नातू आणि पाच वर्षांची नात. नातवाने आमच्या वसाहतीच्या तलावात पोहण्याचे बक्षीस मिळविले आहे. "काका, मला मोठ्या लाटा असलेला किनारा सांगा," असे त्याने मला बजावले. आजींना सुरूच्या सावलीत बसायला जागा हवी. धाकटीला शिंपले हवेत. एकाच घरातल्या या तीन मागण्या एकाच पुळणीवर, एकाच वेळी, पुऱ्या होणे कठीणच.

'सर्वोत्तम' किनाऱ्यांच्या याद्यांना तोटा नाही. अंदमानातील राधानगरच्या पुळणीला २००४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने आशियातील सर्वोत्तम ठरविले होते. तिच्या सौंदर्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु चार दिवसांची रजा आणि दुखरे गुडघे घेऊन तेथे जाणाऱ्याच्या पदरी प्रवासाचा शीणच अधिक पडेल. पुळण ही स्थळावरून निम्मीच ठरते. उरलेली निम्मी महिन्यावरून, तिथीवरून आणि घटकेवरून ठरते. सकाळी लहान मुलाने खेळावे अशी जागा सायंकाळी त्याच मुलाला धोक्याची होऊ शकते. म्हणून या वेळी किनाऱ्यांची यादी देण्याऐवजी, किनारा कसा पाहावा हेच सांगण्याचे मी ठरविले आहे.

पहिला प्रश्न, कोणत्या समुद्राकडे जावे? सर्जापूर रोड शहराच्या आग्नेय अंगाला असल्याने बंगालचा उपसागर आम्हांला जवळचा. होसूर, कृष्णगिरी, तिरुवण्णामलै या वाटेने पुदुच्चेरी तीनशे किलोमीटरांच्या आसपास पडते. कारवार मात्र पाचशेहून अधिक. पण पूर्वेकडे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस ऑक्टोबर ते डिसेंबर हे असतात, आणि नाताळच्या सुटीत तो समुद्र पुष्कळदा खवळलेलाच सापडतो. तेथे वाळूही स्वस्थ बसत नाही. लाटांबरोबर ती वर्षातला बराच काळ उत्तरेकडे सरकत असते, आणि तिच्या वाटेत बंदराचा बांध आला की दक्षिणेला ती साचते व उत्तरेला किनारा खचतो. पुदुच्चेरी शहराचा किनारा असाच खचला. त्यामुळे तेथील समुद्राकाठच्या रस्त्याला दगडांचा आधार द्यावा लागला. फिरायला तो रस्ता सुंदर आहे, पण नातीच्या शिंपल्यांसाठी तो उपयोगाचा नाही.

पश्चिमेकडील पंचांग याच्या उलट. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्राकडे केवळ पाहावे, त्यात उतरू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून होडी लोटायची नाही ही कोळ्यांची चाल त्याहून कितीतरी जुनी आहे. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ती माणसे ज्या महिन्यांत घरी बसतात, त्या महिन्यांत आपण हौसेने पाण्यात शिरावे, यात शहाणपण ते कोणते? पावसाळी लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात नेतात आणि तेथे पाण्याखाली तिचे उंचवटे रचतात. पावसाळा सरला की मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. त्यामुळे सप्टेंबरात अरुंद, उतरती आणि दगड उघडे पडलेली दिसणारी पुळण माघ-फाल्गुनात रुंद व सपाट झालेली असते. तिचे पावसाळ्यातील रूप पाहून नाक मुरडू नये, आणि फाल्गुनातील रूपावर भाळून श्रावणात जाऊही नये.

हे बोलणे चालू असता आजींनी मध्येच विचारले, "जाणार त्या दिवशी तिथी कोणती?" नातवाला हसू आले, त्याला वाटले, आजी मुहूर्त पाहत आहेत. आजी पाहत होत्या ती भरती. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. अमावास्येला व पौर्णिमेला बाराच्या सुमारास. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून ही वेळ पहाटेची तशीच दुपारचीही. भरतीनंतर सहा तासांच्या थोडे पुढे ओहोटी, आणि रोज हे चक्र सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. चंद्र रोज तेवढ्याच उशिराने उगवतो, हे त्याचे कारण. हा हिशेब मुंबईकडे चांगला जुळतो. दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी आधी येते. कारवारला पाऊण ते एक तास वजा करावा. नेमकी वेळ हवी असल्यास भरती-ओहोटीची छापील कोष्टके आहेतच, पण घरच्या दिनदर्शिकेवरून एवढा अंदाज कोणालाही बांधता येतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणात पाणी खूप चढते व खूप उतरते; भांगाच्या दिवसांत त्याची चढउतार बेताची राहते. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांतील उंचीचा फरक चार मीटरांहून अधिक असतो. कारवारला तो दोन मीटरांच्या आसपास येतो. म्हणूनच अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते आणि थोड्याच तासांत त्याच वाटेवर होडी लागते. तेथे किल्ला पाहत रेंगाळणाऱ्याने घड्याळाकडे लक्ष ठेवलेलेच बरे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी भांगाचे दिवस निवडावेत, आणि मुलांचा खेळ ओहोटी संपून भरती नुकती लागते त्या वेळी ठेवावा, हे आजींचे मत. तेच माझेही आहे. ओहोटी ऐन भरात असताना पाणी समुद्राकडे धावत असते. खाडीच्या मुखाशी तर त्याचा वेग पाहण्यासारखा, पण पाहण्यापुरताच.

वाळूकडे पुष्कळ लोक रंगासाठी पाहतात. रत्नागिरीला 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र' अशी एकाच गावातील दोन पुळणींची नावे आहेत. काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचे जड खनिज असते, आणि दुपारी ती अनवाणी पायांना चटके देते. पण रंगापेक्षा वाळूच्या कणाकडे पाहावे. वाळू जाडी-भरडी असेल तर पुळण उतरती असते, बारीक असेल तर सपाट. जाड वाळूत लाटेचे पाणी झिरपून जाते, परत वाहत नाही, म्हणून वाळूचा ढीग उंच राहतो. बारीक वाळूवरून पाणी परत वाहते आणि तिला सपाट करून टाकते. चालताना पाय घोट्यापर्यंत रुतू लागला की समजावे, पुढे दोन पावलांत पाणी कमरेला लागण्याचा संभव आहे आणि लाट अगदी काठाशी आदळणार आहे. पाऊल जेमतेम उमटावे अशी कठीण ओली वाळू लागली, तर पाणी दूरवर उथळ असण्याची शक्यता अधिक. गुहागरची लांबलचक पुळण मला आवडते ती यासाठी; गणपतीपुळ्याचे देऊळ कितीही रम्य असले, तरी त्याच्या समोरच्या समुद्रात मी मुलांना उतरू देणार नाही. दर्शन घ्यावे, पाय भिजवावेत, परतावे.

आता मुख्य गोष्ट, आणि ती सांगताना स्वतःची एक चूकही सांगावी लागेल.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी माझ्या भाच्याला घेऊन मालवणजवळील देवबागेस गेलो होतो. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, असे ते गाव. समुद्राच्या बाजूला लाटा फुटत होत्या. त्या फेसाळ रांगेत एके ठिकाणी मात्र वीस-पंचवीस हात रुंदीचा पट्टा अगदी शांत होता. तेथील पाणी किंचित गडद दिसत होते. पोहायला हीच जागा बरी, असे म्हणून मी मुलाला तिकडे नेऊ लागलो. काठावर रापणीचे जाळे आवरीत बसलेला एक वृद्ध ओरडला, "थंय नको हां, थंयसून पाणी भायर जाता!" मी थबकलो, पण भाचा गुडघाभर पाण्यात पोचला होता. बघता बघता ते पाणी त्याच्या छातीला लागले, आणि त्याचे तोंड माझ्याकडे असूनही तो माझ्यापासून दूर जाऊ लागला. रापणीच्या दोघा माणसांनी त्याला दोरासकट धावत जाऊन आणले. मी काठावर उभा होतो. मला पोहता येत होते, आणि तरीही काय करावे ते सुचले नव्हते, हे येथे लिहून ठेवतो.

लाटांनी काठावर आणून टाकलेले पाणी कोठून तरी परत गेलेच पाहिजे. पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यात जेथे खिंड पडते, तेथून ते एकवटून बाहेर धाव घेते. त्या खिंडीत पाणी खोल असते, म्हणून लाट फुटत नाही. लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. नवख्याला जी जागा सुरक्षित वाटते, नेमकी तीच ओढीची असते. या ओढीचा वेग एरवी सेकंदाला अर्धा मीटर असला, तरी जोर धरल्यास तो दोन मीटरांपर्यंत जातो, आणि तेवढ्या वेगाविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. सर्जापूर रोडवरील मुले उत्तम पोहतात, यात शंका नाही. पण ती पोहतात ते चार भिंतींमधील, तळ दिसणाऱ्या, जागचे न हलणाऱ्या पाण्यात. तलावात मिळविलेले बक्षीस समुद्राला ठाऊक नसते. नातवाला मी हे सांगितले तेव्हा तो थोडा खट्टू झाला, होऊ द्यावा.

मुरूड-जंजिऱ्याजवळच्या मुरूड येथे १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर १० डिसेंबर २०२४ रोजी कोलार जिल्ह्यातून शाळेच्या सहलीला आलेल्या चार मुली गेल्या. सर्जापूरपासून कोलार जिल्ह्याची हद्द दूर नाही. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या नव्हेत. आपण ज्यांना सहलीचे चांगले महिने म्हणतो, त्यांतल्याच आहेत.

म्हणून किनाऱ्यावर पोचताच पिशव्या टाकून पाण्याकडे धावू नये. उंच जागी उभे राहून पंधरा मिनिटे केवळ पाहावे. लाटा कोठे फुटतात, कोठे फुटत नाहीत? फेस, पालापाचोळा किंवा गढूळ वाळू एखाद्या पट्ट्यातून सरळ बाहेर निघाली आहे काय? मग जाळे विणीत बसलेल्या माणसाला विचारावे. मालवणात गाबीत भेटेल, रायगडात कोळी, रत्नागिरीत खारवी. गोव्याच्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. तेथे लाल-पिवळ्या निशाणांच्या दरम्यानच उतरावे, आणि केवळ लाल निशाण असेल तर उतरूच नये. एवढे करूनही कोणी ओढीत सापडला, तर त्याने काठाकडे झुंजू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करावा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत जावे. ओढीचा पट्टा बहुधा अरुंदच असतो. काठावरच्यांनी पाठोपाठ उडी टाकू नये. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेले वडील, काका, मित्र यांचेच बळी अशा प्रसंगी वारंवार जातात. झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन, दोर, जे तरंगेल ते फेकावे आणि हाकाटी करावी. आमच्या शेजाऱ्यांनी हे वाचून एक रिकामा कॅन गाडीत ठेवला आहे. त्यावर घरात थोडी थट्टा झाली, पण तो गाडीतच आहे.

स्वच्छतेविषयी आमच्या भागातील मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. बेळ्ळंदूर तलावातून फेस उसळून रस्त्यावर आलेला आणि २०१५, २०१७ व २०१८ मध्ये त्याच तलावाला लागलेल्या आगी त्यांच्या घरी सांगितल्या जातात. त्यामुळे समुद्राचा फेस पाहून धाकटीने "हाही साबणाचा का?" असे विचारले, तर नवल नाही. समुद्राचा फेस बहुधा सूक्ष्म वनस्पतींच्या अवशेषांमुळे होतो. तो हातावर घेताच विरतो. पण फेस पिवळट-करडा असेल, त्याला वास असेल आणि जवळच गावाचा नाला येऊन मिळत असेल, तर पाय मागे घ्यावा. आपल्याकडे आंघोळीच्या समुद्रजलासाठी शंभर मिलिलिटर पाण्यात मलजन्य जिवाणूंची संख्या शंभराहून अधिक नसावी, असे मानक आहे. ही संख्या डोळ्यांना दिसत नाही. नाल्याचे तोंड मात्र दिसते. पावसाळ्याच्या आरंभी वाळूवर डांबराचे काळे गोळे येतात, ते जहाजांच्या व समुद्रातील तेलाचे. हाताला लागल्यास खोबरेल तेलाने निघतात.

पुळणीच्या प्रकृतीची साक्ष तेथील लहान रहिवासीही देतात. मर्यादवेल पाहावी, जांभळी फुले येणारी ही वेल वाळूला धरून ठेवते, आणि समुद्राची नेहमीची मर्यादा कोठवर, हे तिच्या नावातच आहे. बसण्यासाठी पथारी तिच्या वरच्या अंगाला घालावी, तिच्यावर नव्हे. वाळूत खेकड्यांची बिळे विपुल असतील, तर तेथे मोटारी फिरत नाहीत असे समजण्यास हरकत नाही.

काही किनाऱ्यांवर अलीकडे निळे निशाण दिसते. 'ब्लू फ्लॅग' नावाचे हे प्रमाणपत्र डेन्मार्कमधील एका संस्थेकडून तेहतीस कसोट्या लावून दिले जाते आणि दरवर्षी नव्याने मिळवावे लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातील आठ पुळणींना ते प्रथम मिळाले. त्यांत कर्नाटकातील होन्नावरजवळचे कासरकोड आणि उडुपीजवळचे पडुबिद्री या दोन होत्या. पाण्याची नियमित तपासणी, जीवरक्षक, स्नानगृहे, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, हे सारे त्यात पाहिले जाते. आजी सोबत असतील, तर ही सोय लहान म्हणता येणार नाही. मात्र आज सायंकाळी ओढ कोठे आहे, हे निशाण सांगू शकत नाही.

गोकर्णाच्या ओम आणि कुडले या पुळणी देखण्या आहेत खऱ्या. पण पायऱ्या, खडक आणि गर्दी पाहता त्या तरुणांसाठी सोडाव्यात. कारवारविषयी मात्र माझे मन पक्षपाती आहे. समुद्रात शिरलेले डोंगर आणि बाहेरची बेटे यांनी तेथील उपसागराला आडोसा दिला आहे. तरुण रवींद्रनाथ ठाकूर, वडीलबंधू सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश असताना, या किनारी राहिले आणि त्यांनी 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक येथेच लिहिले. पुळणीला त्यांचेच नाव आहे. कारवारच्या दक्षिणेची आर्गा व बिणगा ही किनारी गावे नौदलाच्या तळासाठी गेली, त्यामुळे जुन्या कारवारकरांना या पुळणीचे मोल अधिकच वाटते. शिवाय रात्री बंगळुरूहून निघणारी पंचगंगा एक्सप्रेस सकाळी कारवारला पोचविते, आणि तेथे मराठी-कोंकणी बोलणारी माणसे भेटतात, हे आजींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. काळी नदीच्या मुखाकडे तेवढे जाऊ नये.

शेवटी शेजाऱ्यांनी नाताळची गर्दी टाळून माघातील शुद्ध सप्तमी-अष्टमीचे दोन दिवस निवडले. आजींनी बोटांवर हिशेब केला : सप्तमीची भरती सव्वापाचला, कारवारची त्याआधी, साडेचारच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेदहा-अकराच्या आत. धाकटीने दहाला शिंपले वेचावेत, अकरानंतर पाणी चढू लागले की बापाचा हात धरून पायांनी लाटा मोजाव्यात. नातवाला काठावर पंधरा मिनिटे उभे राहून ओढ शोधण्याचे काम देण्यात आले आहे. ती सापडल्याशिवाय त्याला पाण्यात उतरता येणार नाही, आणि सापडली तर तिच्याजवळ उतरता येणार नाही. "म्हणजे, काका, उतरायचे कुठे?" असे त्याने मला विचारले आहे. त्याचे उत्तर मी कारवारच्या जाळेवाल्यांवर सोपविले आहे.